पाहुण्याचे हात

मंगळवार, ११ मार्च

पळायचं होतं. एवढंच काम — किंचाळत पळायचं! आणि मी उभी राहिले.

दोनशे माणसं, रग्बीचं मैदान आणि मधोमध ते चंदेरी यान. जवळून पाहिलं तर प्लायवूड आणि रंग. मागच्या बाजूला नुसतेच पाइप! दार उघडतं, परग्रहावरचा पाहुणा बाहेर येतो, गाव घाबरतं, पळतं. सकाळपासून पाच वेळा पळून झालं होतं. या वेलिंग्टनच्या वाऱ्यात सत्तर वर्षांची बाई आणखी किती पळणार? पण दमले म्हणून नाही थांबले मी.

सहाव्या खेपेला अगदी दारासमोर होते. पाहुणा बाहेर आला. राखाडी अंग, डोळ्यांच्या जागी काळी काच, तोंडच नाही. त्यानं हात वर केला आणि तो हात बोलला. नुसता हललेला हात आणि बोललेला हात यातला फरक मला कळतो. एकतीस वर्षं बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवलंय. काय बोलला ते कळलं नाही. पण बोलला, हे नक्की.

माझाही हात वर गेला. आपोआप! हॉस्टेलमधल्या मुली करायच्या ती खूण — काय? परत सांग.

भोंग्यातून आवाज आला, "कट! निळ्या कार्डिगनवाल्या बाई!" दोनशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाहुण्यानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ.

घरी आल्यावर संग्राम म्हणाला, "आई, साधं पळता येईना तुला?"

सूनबाई हसत सुटली. तिनंच हौसेनं सिनेमातल्या गर्दीसाठी माझा फॉर्म भरला होता — "दिवसभर जॉन्सनव्हिलच्या घरात खिडकीशी बसून काय करता आई? जाऊन तर बघा." निवेदिताचं हे असं. मला तिचं आवडतं ते हेच.

बुधवार, १२ मार्च

पोटऱ्या धरल्या आहेत. जिना उलटा उतरते आहे.

शनिवार, १५ मार्च

हा सिनेमा म्हणजे एका जुन्या सिनेमाची नवी आवृत्ती आहे म्हणे. संग्रामनं तो जुना शोधून दिला, दुपारी गार्गीबरोबर पाहिला. काळा-पांढरा. पाहुण्याच्या अंगात झकास कोट! मैदानावर उतरतो, पोलीस पकडतात, मग टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभा राहून सुरेख इंग्रजीत भाषण करतो आणि निघून जातो. सगळे रडतात.

गार्गी नऊ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मध्येच म्हणाली, "आजी, व्हाय डज ही स्पीक इंग्लिश?"

खरंच की! एवढ्या लांबून आलेला माणूस आपली भाषा का बोलेल? तो बोलला म्हणून त्यांनी त्याला माणसात घेतलं. न बोलता तर काय केलं असतं?

संध्याकाळी फोन — मंगळवारी परत या. पळायला नाही. डिरेक्टरबाईंना भेटायला. बोलणी खायला बोलावलं असेल का?

मंगळवार, १८ मार्च

पाहुणा बाई आहे!

नाव मेरे. माओरी. तिशीची असेल. राखाडी कातडं कमरेपर्यंत सोललेलं, केस घामानं चिकटलेले, हातात मटणाचं पॅटिस. आणि ती बहिरी आहे, जन्मापासून. शेजारी जूडी नावाची दुभाषी. मेरे हातांनी बोलते, जूडी तोंडानं. मी "किया ओरा" म्हणून त्यांच्या भाषेत नमस्कार केला, एवढं येतं आता. मेरेनं माझ्या ओठांकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहिलं.

पहिलाच प्रश्न — "हे हात कुठे शिकलीस?"

सांगितलं: पुण्याला, शाळेत, मुलांकडून. तिचा चेहरा असा उजळला!

डिरेक्टर फियोना म्हणून आहे. त्या थंडीत पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. ती म्हणाली, नव्या सिनेमातला पाहुणा तोंडानं एक शब्द बोलणार नाही. मेरे त्याची भाषा हातांनी रचते आहे. माझं ते उभं राहणं तिला ठेवायचं आहे. एवढंच नाही, मला एक प्रसंगही द्यायचा आहे! पाहुण्याला कोंडून ठेवलेलं असतं, गावातली एक म्हातारी जाते आणि त्याच्याशी हातांनी बोलायला बघते.

"चांगली, मायाळू म्हातारी," फियोना म्हणाली. मला लाजल्यासारखं झालं. हो म्हटलं.

मग दोन तास मेरे आणि मी. तिची भाषा वेगळी, आमच्या मुलींची वेगळी. ती 'आई'ची खूण करे, मी माझी. 'भूक'. 'ऊन'. 'पाणी' — आमच्या हॉस्टेलचं पाणी म्हणजे अंगठा ओठाला लावून मनगट दोनदा हलवायचं. तिला फार आवडलं ते! चार वेळा करून पाहिलं. जूडी कंटाळून चहाला गेली. तिच्यावाचून आमचं काही अडलं नाही.

बुधवार, २६ मार्च

आठवडाभर हेच डोक्यात. जिथून पाहुणा आला तिथं 'माझं' हा शब्द असेल का? मेरे म्हणते नसेल. मग 'तुझं'ही नसणार. 'नाही' असेल का? यावर आमचं भांडण! मी म्हणाले, 'नाही' म्हणता येत नसेल तर ती भाषा कसली? शेवटी 'नाही' ठेवलं — हात हळूच मागे घ्यायचे. माझी सूचना.

घरी गार्गीला सगळं दाखवते. ती पटापट उचलते. आज जेवताना तिनं हातानंच विचारलं, आणखी भात आहे? मी हातानं सांगितलं, आहे. दोन वर्षं झाली मला इथे येऊन, पहिल्यांदाच आम्ही दोघी एका भाषेत बोललो.

बुधवार, २ एप्रिल

आज तालीम बघायला थांबले. थांबायला नको होतं.

प्रयोगशाळेचा प्रसंग. शास्त्रज्ञ पाहुण्याकडून आवाज काढायला बघतात. दोघं त्याचे हात खुर्चीला बांधतात, कारण हात सुटे असले की तो बोलायचा प्रयत्नच करत नाही. मग एक जण त्याचा एक हात सोडवून घेतो, स्वतःच्या गळ्यावर ठेवतो. "आ. से इट. आऽ." मग तोंडासमोर कागदाची पट्टी धरतो. पट्टी हलली पाहिजे.

हे त्यांना कुणी सांगितलं? हे मीच करायची. अगदी हेच! हात गळ्यावर, थरथर जाणवली पाहिजे. 'प'साठी कागदाची पट्टी.

बाहेर जाऊन जेवणाच्या गाडीमागे उभी राहिले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंय असं एका मुलीला सांगितलं.

गुरुवार, ३ एप्रिल

लिहून टाकते. इथं कोण वाचतंय!

आमच्या शाळेत खुणांना बंदी होती. तोंडानं बोलायला शिकवायचं, तीच पद्धत शास्त्रीय, ट्रेनिंगला तेच शिकवलं. खुणा करू दिल्या तर पोरं कधीच बोलणार नाहीत, जगात कशी वावरतील — हे मी मनापासून मानत होते. मुलं हाताची घडी घालून बसायची. घडी सुटली की फूटपट्टी.

उत्तरा. सात वर्षांची. साल शहाऐंशी, एप्रिलचा उकाडा. दुसऱ्या बाकावर, लाल रिबिनी. तिनं बाकाखाली ती खूण केली, अंगठा ओठाला आणि मनगट दोनदा. मला कळलं. तहान लागली होती तिला. मी म्हणाले, तोंडानं सांग. तिनं पुन्हा हातानंच सांगितलं. मारलं. हाताच्या पाठीवर. पुन्हा हात. पुन्हा मारलं. तिसऱ्या वेळी तिनं "पा" असा काहीतरी आवाज काढला आणि मी पाण्याचा गडू दिला. वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. प्रगतीपुस्तकात लिहिलं — उत्तराने आज पहिला शब्द उच्चारला. घरी येऊन ह्यांना किती आनंदानं सांगितलं होतं!

आणि संध्याकाळी हॉस्टेलच्या ओट्यावर बसून त्याच मुलींच्या खुणा बघत राहायची. इतकं कुतूहल होतं मला! बघून बघून शिकले. सकाळी त्यांनाच मारायला.

मायाळू म्हातारी.

रविवार, ६ एप्रिल

घड्याळं एक तास मागे केली. गार्गी म्हणाली, "आजी, यू गॉट अ फ्री अवर!" काय करू त्या तासाचं?

मंगळवार, ८ एप्रिल

मेरेनं विचारलं, "मुलांनी तुला खुणेचं नाव काय दिलं होतं?"

बहिऱ्या मुलांत प्रत्येकाला असं नाव असतं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या वसुंधराबाईंचं नाव होतं चष्मा. शिपायाचं नाव मिशी. मी माझं करून दाखवलं — दोन बोटं हाताच्या पाठीवर, टक् टक्.

मेरे हसली. "घड्याळ?" तिनं विचारलं.

हो म्हणता आलं असतं. तीस वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले, बाईंच्या हातात घड्याळ म्हणून! पण मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. घड्याळ मनगटावर असतं. ही खूण बोटांच्या मागे.

मी म्हणाले, "नाही. फूटपट्टी." मग सगळं सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत. मध्येच जूडीचे हात थांबले. मेरेनं तिच्या खांद्याला स्पर्श करून पुढे सांग म्हणून खुणावलं.

सांगून झालं. मेरे बोलली ते एवढंच — "माझी आई बहिरी आहे. शाळेत तिला हातांवर बसायला लावायचे. आज साठीला आली. अजून पाहुणे आले की हात मांडीखाली घेऊन बसते."

उठली आणि गेली. राखाडी कातडं जमिनीवर घासत होतं.

बुधवार, ९ एप्रिल

फोन नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

फोन नाही. निवेदिताला सगळं सांगितलं. तिनं हातातली भाजी बाजूला ठेवली आणि नुसती शेजारी बसून राहिली. "तुम्ही वाईट नव्हता आई" असं म्हणाली नाही, बरं झालं. म्हणाली असती तर मला ते हवंहवंसं वाटलं असतं.

सोमवार, १४ एप्रिल

मेरेनं बोलावलं होतं. स्टुडिओच्या बाहेर, बाकावर. जूडी समोर उभी.

"मी तुला माफ करणार नाही," मेरे म्हणाली. "ते माझ्याकडे नाहीच, मी कुठून देऊ?"

मी मान हलवली.

"पण बुधवारी आपला प्रसंग आहे. तो बदलायचा. फियोनाशी बोलले मी. चांगली म्हातारी नको. खरी कर."

म्हणजे कशी, मी विचारलं.

"तू येतेस ती त्याला बोलायला लावायला. त्याचे हात तू धरतेस. तुला वाटतं तू त्याचं भलं करते आहेस."

मी म्हणाले, मला नाही जमणार. मी काही नटी नाही.

ती म्हणाली, "तेच तर."

बुधवार, १६ एप्रिल

झालं.

लोखंडी खोली, वर एक दिवा. पाहुणा खुर्चीत. मी आत जायचं, त्याच्यासमोर बसायचं, त्याचे हात धरून खाली दाबायचे आणि म्हणायचं, "बोल." फियोना म्हणाली, तुझ्या भाषेत म्हण. मी मराठीत म्हणाले. "बोल बाळ. तोंडानं सांग."

हा आवाज माझाच! एकतीस वर्षं वर्गात लावलेला तो गोड आवाज. मी विसरले होते की तो गोड होता.

हात दाबून धरले. रबराच्या आत मेरेची बोटं हलायला बघत होती. काळ्या काचेआड तिचे डोळे दिसले. लिहिलेलं असं होतं की मी उठून जायचं आणि दार लागायचं. मला उठताच येईना. हातही सोडवेनात — काही तरी होऊन ते घट्टच धरले गेले होते. मेरेनं आपले हात मागे घेतले. हळूच. आमचं 'नाही'.

मी सोडले.

मग तिनं अंगठा ओठाच्या जागी नेला. तोंड नसलेल्या त्या जागी. मनगट दोनदा हलवलं. हे कागदावर कुठेही नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. कॅमेऱ्यामागे एका माणसाच्या पायाशी त्याची पाण्याची बाटली होती. उठले, सरळ त्याच्यापाशी गेले, बाटली घेतली आणि आणून दिली. टोपण उघडून. फियोना 'कट' म्हणायचं विसरली असं जूडी नंतर म्हणाली.

पाहुण्याला तोंड नाही. बाटली तशीच मांडीवर धरून बसला.

निघताना मेरेनं मिठी वगैरे मारली नाही. हात वर केला फक्त.

मंगळवार, २२ एप्रिल

वसुंधराबाईंना पुण्याला फोन केला. आता ब्याऐंशीच्या आहेत, पण सगळ्या मुलींची खबर ठेवतात. शाळा बंद झाली तरी! विचारलं, उत्तरा कुठे आहे?

"अगं, नाशिकला. शिवणाचं दुकान आहे, दोन माणसं हाताखाली आहेत. एक मुलगी आहे, संपदा, कॉलेजात. पण तुला आत्ता काय झालं?"

नंबर घेतला. "तुम्हाला काही वाटायचं का हो, तेव्हा?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "आपण पोरांसाठी रक्त आटवलं सुलभा." मी फोन ठेवला.

गुरुवार, २४ एप्रिल

संग्राम म्हणतो, "कशाला उकरून काढतेस आई? ती विसरलीही असेल. तू स्वतःला बरं वाटावं म्हणून तिला त्रास देणार?"

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. दिवसभर त्यावरच विचार केला. निवेदिता म्हणाली, "उत्तर मागू नका. फक्त पाठवा."

पत्र पाच वेळा लिहिलं. पहिल्यात सारखं 'त्या काळी'. दुसऱ्यात सारखं 'मला'. तिसरं पाच पानांचं! शेवटचं छोटं झालं. उकाडा, दुसरा बाक, लाल रिबिनी, तीन वेळा मारलं ते. तुला तहान लागली होती आणि ते मला कळलं होतं. तुला उत्तर द्यायची गरज नाही.

रविवार, २७ एप्रिल

पाठवलं. व्हॉट्सॲपवर, सकाळी दहाला. दोन खुणा आल्या, मग त्या निळ्या झाल्या.

गुरुवार, १ मे

काही नाही. मीच लिहिलं होतं ना, उत्तर नको म्हणून!

गार्गीनं विचारलं, "आजी, आर यू वेटिंग फॉर समवन?" मी हातानं सांगितलं, हो. तिनं हातानं विचारलं, कुणाची? ही खूण मी तिला शिकवली नव्हती. तिनं स्वतः जुळवली.

मंगळवार, ६ मे

उत्तराचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"बाई, नमस्कार. पत्र मुलीबरोबर वाचलं. ती मुलगी मी नव्हे. मी अठ्ठ्याऐंशी साली शाळेत आले. मला तुम्ही कधीच मारलं नाही. मी पहिल्याच दिवशी बाकीच्या मुलींचे हात बघितले आणि तुमच्या वर्गात माझे कधी वर केलेच नाहीत. तुम्ही लिहिलंय तशा आमच्यात पुष्कळ जणी होत्या. पत्र कुणाला पाठवू?"

बाईसाहेब, आता त्या मुलीचं नाव आठवा. दुपारपासून दुसऱ्या बाकाकडे बघते आहे. रिबिनी दिसतात. हात दिसतात. चेहरा नाही.